चार हीटर प्लग

हैबतरावांनी जीप दुपारी आणली तेव्हा ती पहिल्या चावीला चालू होत होती. जनूनं बॉनेट उघडलंच नाही. "रातभर हितंच राहू दे," तो म्हणाला. "पहाटे इंजिन गार झालं की कळंल."

"कळलंच पायजे," हैबतराव म्हणाले. टोपीखाली त्यांचं डोकं नुकतं भादरलेलं होतं.

जनूच्या रोह्याजवळच्या अष्टमीतल्या गॅरेजात त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. पंधरवड्यापूर्वी पहाटे हैबतरावांच्या बायकोच्या, रंभाच्या छातीत कळ आली. जीप अर्धा तास चालूच होईना. शेवटी शेजाऱ्यांनी उतारावरून ढकलली. रोह्याचा दवाखाना वीस मिनिटांवर, पण वाटेतल्या निडी गावाच्या पुढं येताच रंभानं मान टाकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जनूनं चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, म्हणजे बॅटरी धड होती. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, म्हणजे डिझेल पोचत होतं, पेटत नव्हतं. कोकणातली थंडी ती कितीशी, पण जुन्या डिझेल इंजिनाला पुरते. त्यानं गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून तापणारे चारही हीटर प्लग काढले आणि एकेक बॅटरीला लावून पाहिला. एकच लाल झाला.

मग त्यानं ते उजेडात धरून पाहिले. एका प्लगवर त्याच्याच पान्याचा ओरखडा होता. दिवाळीत हे जळके प्लग त्यानंच काढले होते आणि नवे चार धाकट्या भावाच्या, नाथाच्या हातात बसवायला दिले होते.

"नवे कुठं गेलं रे?"

नाथानं मान वळवली. "इकले. जुनेच बसवले परत. तवा उकाडा व्हता, गाडी चालत व्हती ना?" मग हळूच म्हणाला, "थंडीनं झालं म्हणून सांग. चार प्लगांपायी बाय मरत नाय, दादा."

जनूलाही तसंच सांगावंसं वाटलं. वीस वर्षांचं नाव होतं. पण हैबतराव पहिल्या एसटीनं येऊन समोर उभे राहिले, आणि त्याच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

हैबतरावांनी एक जळका प्लग हातात घेतला.

"म्हंजी ती वाचली असती?"

"मला नाय माहीत, हैबतराव."

"मग सांगितलंस कशाला? देवाची मर्जी म्हणून गप बसलो व्हतो मी."

जनूनं नवे प्लग बसवले. हैबतरावांनी आत बसून चावी फिरवताच इंजिन धडधडलं. त्या आवाजानं त्यांचं तोंड वाकडं झालं, ते स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले आणि कुणाकडे न बघता जीप घेऊन निघून गेले.

जनूनं नाथाला त्याच दिवशी घालवलं. नाथानं पेणला रामवाडीत गॅरेज टाकलं, ते चांगलं चालतं. जनूकडची गिऱ्हाईकं मात्र तुटली. लोक म्हणत, ज्याच्या गॅरेजात असं होतं तिथं गाडी कोण देईल? आई तर अजून म्हणते, "तू गप बसला असतास तर काय बिघडलं असतं?"