आटवलेलं पाणी

कान्याचे ओठ जांभळे पडलेले मेनाबेनला दिसले आणि तिच्या हातातली दुधाची चरवी सुटली. एरवी थेंब सांडला तरी गड्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई, पण आज तिनं खाली बघितलंसुद्धा नाही. "हरजी, जीप काढ!" एवढंच ती लेकावर किंचाळली.

कान्या, तिचा नातू, दोन महिन्यांचा. सुनेला, केसरला, बाळंतपणात ताप भरला आणि तिचं दूध आटलं. तेव्हापासून दारात ऐंशी म्हशी असलेल्या या घरात पोराला डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजत होते. ते पाणी मेनाबेन स्वतः उकळायची. नुसतं उकळायची नाही, निम्मं होईपर्यंत आटवायची. दूध आटवून मावा करायच्या कढईपाशी जन्म गेलेला. जितकं आटेल तितकं कसदार, हे तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. पोर आठवडाभर मलूल होतं, म्हणून तिनं ते आणखीच आटवलं होतं.

"बा, श्वास घेतोय ना हा?" केसर वाटेत सासूला पुन्हा पुन्हा विचारत होती.

"घेतोय गं. अभद्र बोलू नकोस," मेनाबेन म्हणत होती.

जवळच्या डीसा शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोराच्या टाचेला सुई टोचली. कापसावर रक्त आलं ते तांबडं नव्हतंच, काकवीसारखं काळपट होतं. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"पाणी कुठलं पाजता?"

"घरच्या बोअरचं, साहेब," हरजी म्हणाला. "त्याची चिंता नको. मागच्याच महिन्यात सरकारी तपासणी झाली. एकदम चोख निघालं. वर आमची बा ते निम्मं आटवते."

"आटवून जंतू मरतात, हरजीभाई. शेणमुतातून पाण्यात उतरलेलं नायट्रेट मरत नाही. वाफ उडून जाते आणि ते भांड्यात दुपटीनं उरतं. त्यानं तान्ह्याचं रक्त काळवंडतं. मला त्याचाच संशय होता, त्यावरचं इंजेक्शनही आहे माझ्याकडे. पण पाणी चोख असेल तर हे हृदयाचं दुखणं, आणि मग ते औषध उलटायचं. अहमदाबादला हलवा. आत्ताच."

अहमदाबाद! तेवढ्या वाटेवर हे पोर टिकणार नव्हतं.

मागच्या महिन्यात पाण्याची तपासणीवाली मुलगी बाटल्या नि बर्फाची पेटी घेऊन आली, त्या दिवशी हरजी दूध घालायला गेला होता. गोठ्यामागे शेणपाण्याचा मोठा कच्चा खड्डा, त्याला लागूनच घरचा बोअर. पाण्यात काही निघालं तर गोठ्याला टाळं लागेल, या भीतीनं मेनाबेननं तिला गोड बोलून दोन शेतं पलीकडे जेसंगकाकांच्या बोअरवर नेलं. "हाच आमचा बोअर, बेन." मुलगी बाटली भरून, चहा पिऊन गेली. गोठा वाचला, यातच मेनाबेन खूश होती. खड्ड्यालगतचं तेच पाणी आपलं घर पितंय, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता बोललं तर गोठा जाणार, आणि लेक-सून तोंड बघणार नाहीत. केसर पोराला गुंडाळून दारापर्यंत पोहोचली होती.

"थांब!" मेनाबेन ओरडली. "साहेब, ती बाटली आमच्या बोअरची नव्हती."

"काय बोलतेस बा?" हरजीनं विचारलं.

"जेसंगकाकांच्या बोअरची होती. मीच नेलं त्या पोरीला तिकडे. गोठा बंद पडेल म्हणून भ्याले रे! साहेब, मला मागाहून काय वाटेल ते बोला, आधी त्याला सुई टोचा!"

डॉक्टर नर्सला हाका मारत आत धावले.

औषध भिनेपर्यंत मेनाबेन भिंतीला धरून उभी होती. तिला देवाचं नावही आठवेना. बऱ्याच वेळानं कान्याच्या ओठांवर जरा लाली आली, आणि तो टाहो फोडून रडला. मेनाबेननं सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

केसरनं पोराला पदराखाली घेतलं आणि पाठ फिरवली.

"नको, बा. तुम्ही त्याला हात लावू नका."