अंगठा घरी ठेवून

चुलीवर बाजरीची ताकातली राबडी खदखदत होती आणि धापूचं तिकडे लक्षच नव्हतं. सकाळपासून तिसऱ्यांदा तिने पत्र्याची पेटी उघडली, कागद बाहेर काढले, पुन्हा ठेवले. खाटेवर तिचा नवरा घेवरराम खोकत होता. वीस वर्षं दगडाच्या खाणीत काढलेला माणूस, आता अंगणापर्यंत गेला तरी धाप लागते.

"मा, राबडी करपली!" सुगनी ओरडली.

"करपू दे मेली. माझंच चित्त थाऱ्यावर नाही."

कसं असेल? उद्या मेडत्याला वकिलाकडे जायचं होतं आणि परवा, गुरुवारी, भावाने तहसील कचेरीत बोलावलं होतं. दोन्ही बोलावणी एकमेकांच्या मुळावर उठलेली.

धापूचा बाप किसनाराम फाल्गुनात गेला. मागे चोवीस बिघे जमीन, गोड्या पाण्याची विहीर आणि दोन लेकरं: हडमानराम आणि धापू. कायदा म्हणतो, निम्मं निम्मं. पण आमच्या राजस्थानात पंगतीत कायद्याच्या आधी रीत बसते. बाप गेला, बारावा झाला, की मुलींनी हक्कत्यागावर अंगठा लावायचा. 'माझा हिस्सा मी राजीखुशीने भावाला देते.' राजीखुशीने! तिची राजी कुणी विचारली आणि खुशी कुणी पाहिली? लावला तर गुणाची बहीण, नाही लावला तर माहेरचं दार बंद.

आणि अकरा दिवसांवर सुगनीचं लग्न. मामाने मायरा, म्हणजे माहेरचा आहेर, घेऊन यायचा, बहिणीच्या खांद्यावर चुनरी घालायची. ज्या बाईच्या दारी मायरा येत नाही, तिला बिनभावाची म्हणून गाव जन्मभर टोचतं.

दुपारी हडमानचा फोन आला.

"बाई, गुरुवारी दहाला ये. चुनरी आणून ठेवलीय तुझ्या भावजयीने, तुझ्या आवडीची, केशरी. आधी कागद उरकू, मग चुनरी."

"आधी चुनरी आणि मग कागद, असं नाही का जमणार, वीरा?" भावाला ती वीरा म्हणे.

"काय गं, भावाशी सौदा करतेस?" तो हसला. सौदा कोण करत होतं, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

वकील शोधला तो सुगनीने. धापूच्या जेठांनी, थोरल्या दिरांनी, एक नाव सुचवलं होतं, पण तो वकील दर दिवाळीला हडमानकडे जेवतो हे पोरीला कळलं. मग ती सरळ कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली बसणाऱ्या टंकलेखकाकडे गेली. "काका, मुलींच्या हिश्शाचे दावे कोण चालवतं?" म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, "बेटी, हक्कत्याग मी हजारांनी टाइप केलेत. उलटे दावे मोजकेच, आणि त्यातले बहुतेक माथुर मॅडमचे."

माथुर मॅडमच्या कचेरीतून निरोप आला: बापाच्या मृत्यूचा दाखला, जमिनीचा उतारा, ओळखपत्र आणा. वंशावळ आणा. काय घडलं ते तारखांसकट लिहा. आणि तुम्हाला नक्की काय हवं, ते ठरवून या.

बाकी सगळं जमलं. वंशावळीसाठी धापू सुगनीला घेऊन मोठ्या भरवशाने रावजींकडे, कुळांच्या वंशावळी राखणाऱ्यांकडे, गेली. तिच्या माहेरच्या कुळाची बही, वंशावळीची वही, पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घरात. रावजींनी लाल कापड सोडलं आणि वाचायला घेतलं. अकरा पिढ्या. शेवटी किसनाराम, त्याचा हडमानराम, हडमानची तीन पोरं. बही मिटली.

"आणि मी?"

"बाई, बहीत मुलींची नावं नसतात. मुलगी म्हणजे पाहुणी."

"अकरा पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही वाटतं!" सुगनी फणकारली. धापू मात्र उठून चालू लागली. लहानपणी रावजी घरी आले की बापाशेजारी बसून तिने ही बही ऐकली होती, यांना ताट वाढलं होतं, आणि इतकी वर्षं समजत होती की आपलं नाव पुढच्या पानावर असेल. वाटेत तिला रडू आवरेना.

बुधवारी निघताना नवऱ्याकडे बघून धापूचा पाय अडखळला. घेवरराम म्हणाला, "जा गं. मी शिळी भाकरी ताकात चुरून खाईन."

माथुर मॅडमचे केस पांढरे आणि बोलणं रोखठोक. सुगनीने वहीतले प्रश्न भीत भीत वाचले. किती वर्षं वकिली? असे दावे किती? फी किती? निकाल कधी?

"अठ्ठावीस वर्षं. असे चाळीसेक दावे, त्यातले काही हरलेय. फी लिहून देते. निकालाला वर्षं लागतील, सहा महिन्यांत लावतो म्हणणाऱ्याकडून उठून यावं." मग धापूकडे वळल्या. "आजवर अंगठा कशावर लावलात?"

"कशावरच नाही."

"शाबास. उद्याही लावू नका, कोऱ्या कागदावरसुद्धा नाही. ज्याचा हिस्साच नाही, त्याचा अंगठा कुणी मागत नसतं, एवढं ध्यानात ठेवा. पण तुमचा भाऊ उद्या म्हणाला, बापाला मुलगीच नव्हती, तर काय दाखवाल?"

धापूने बहीची हकिगत सांगितली आणि हताश होऊन पेटीच टेबलावर पालथी केली. दाखल्यांच्या खालून तिच्या थोरल्या मुलीची जुनी लग्नपत्रिका निघाली. मॅडमनी ती उचलून वाचली: 'मायरा घेऊन येणार, वधूचे मामा हडमानराम, किसनारामांचे सुपुत्र.'

"हे कुणी छापलं?"

"वीराने. स्वतःच्या हौसेने."

मॅडम मोकळेपणाने हसल्या. "मामा म्हणजे तुमचाच भाऊ, हे त्याने स्वतःच छापलंय. एवढ्यावर दावा जिंकत नाहीत, पण सुरुवात झकास झाली. आता बोला, हवंय काय?"

धापू पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "जमीनही हवी आणि भाऊही हवा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "जमिनीसाठी मी लढेन. भाऊ कोर्टात मागता येत नाही. मी भाऊ निवडला होता, बाई. वकील असून, याच तहसिलीत, राजीखुशीने सही केली."

"मग राहिला भाऊ?"

"दिवाळीला फोन येतो. त्याचा मुनीम करतो."

धापूने वकीलपत्र पुढे ओढलं, सुगनीकडून शब्दन् शब्द वाचून घेतला आणि मग त्यावर अंगठा उमटवला. बाहेर बाकावर बसून तिने भावाला फोन लावला.

"वीरा, उद्या येते मी. पण अंगठा घरी ठेवून येते."

"तर मायरा विसर."

"मायरा तुझ्या मर्जीचा. जमीन माझ्याही बापाची." आणि फोन ठेवल्यावर ती हुंदके देऊन रडली, कारण भाऊ तिला खरंच हवा होता.

लग्नाच्या दिवशी बायका दारात मायऱ्याची गाणी गात उभ्या राहिल्या. धापू आरतीचं ताट धरून उभी राहिली. रस्त्यावर नजर, हात भरून आलेले, दिवा दोनदा विझला आणि दोनदा लावला. हडमान आला नाही. गाणं आपोआप थांबलं. तेवढ्यात चुलतसासू बोललीच, "घे, आता जमीनच पांघर खांद्यावर!"

"पांघरेन, काकी," धापू म्हणाली. "ती धुतली तरी विटत नाही." आणि ताट खाली ठेवून ती पोरीला मांडवात घेऊन गेली.

दावा अजून चालू आहे. तारखेला धापू सकाळच्या बसने जाते, पेटी मांडीवर घेऊन.

तुमच्या महाराष्ट्रात या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात. तुमच्याही कपाटात एखादं असेल. आज ते काढा. त्यावर कोणत्या बहिणीची सही आहे ते बघा, आणि ती शेवटची घरी जेवायला कधी आली होती, ते आठवा.