अर्ध्या इंचाचं भूत

सकाळचे सहा वाजले नव्हते, आणि साखरखेर्ड्यातल्या सत्यभामाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. न्हाणीघराच्या भिंतीतून एक अर्ध्या इंचाचा पाइप बाहेर आलेला. बाया त्याच्याकडे बघून हात जोडत होत्या. कोणी बाटल्या आणल्या होत्या, एक म्हातारा कालचं त्यातलं पाणी गुडघ्याला चोळत बसला होता.

"ऐकून राह्यले ना? बंद झालं की नाही रडणं?" खाटेवरून नीरनाथ बाबा म्हणाले. "दोन महिने ही भिंत रडत होती. सात समुद्र, नऊ नद्या माझ्या कमंडलूत हायेत. पानी माझं ऐकते. आज मी पिशाच्चाचं तोंड बांधलं!"

पाइप खरंच कोरडा होता. त्याच्या तोंडावर पितळी टोपण घट्ट बसवलेलं, वरून लाल दोरा. ते टोपण मी लगेच ओळखलं. कारण आदल्या संध्याकाळी ते मीच विकलं होतं.

मी जानराव. नळाचं काम करतो, बसस्टँडच्या मागं माझं दुकान आहे. डोकं जरा गरम आहे, लोक सांगतात. काल सत्यभामाबाईंचा मुलगा गोकुळ आला आणि अर्ध्या इंचाची एंड कॅप मागून घेऊन गेला. मी विचारलंसुद्धा नाही कशाला. चूक तिथली नाही, त्याच्याही आधीची आहे, आणि ती माझी आहे. ती पुढं सांगतो.

"गोकुळ, तुही बायको कुठी हाय? जयमाला?" मी विचारलं.

गोकुळ मान खाली घालून म्हणाला, "आत. न्हाणीत."

"आणि गिझर?"

"चालू हाय. बाबांनं सांगतलं, आच लागल्याशिवाय रेवती तिले सोडत नाही."

रेवती म्हणजे गोकुळची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी डेंगीनं गेली बिचारी. जयमाला दुसरी. दिवाळीनंतर हा पाइप रोज पहाटे गळायला लागला, कोमट पाणी, थेंब थेंब, तांब्याभर. या घरची रीत अशी की सून पहाटे उठून गिझर लावणार, पण सासूची आंघोळ आणि देवपूजा होईस्तोवर नळाला कोणी हात लावायचा नाही. जयमालानं बटन दाबलं की पाइप रडायचा, सत्यभामाबाईंनी आंघोळीला नळ सोडला की गप्प. झालं. बाबा आले, न्हाणीत जाऊन मंत्र म्हणाले की गळणं थांबायचं. त्यांनी निदान केलं: सुनेच्या अंगात सवत आहे, सासूला घाबरते. एकवीस दिवस पहाटेपासून न्हाणीत कोंडायचं. मधे तिनं नळाला हात लावला तर मोजणी पुन्हा एकपासून. मोबाइल काढून घेतला, माहेरी निरोप नाही. आज तिसरा दिवस होता.

मी धावत ओसरीवर गेलो आणि आधी मेन स्विच पाडला. बाबा ओरडले, लोक कुजबुजले. मी न्हाणीच्या दाराशी गेलो. बाहेरून कडी, कडीला कुलूप.

"जयमाला, मी जानराव. गरम पान्याचा नळ सोड बाई, हळूच."

ती आतून अगदी शांत बोलली, "नाही काका. उघडला तर पुन्हा एकवीस दिवस कोंडतील मले. अठरा राह्यले आता."

तीन दिवसांत ही पोर असा हिशेब शिकली होती, की मरणाच्या बाजूला उभं राहून ती दिवस वाचवत होती.

मी सत्यभामाबाईंकडे वळलो. "बाई, तुम्ही कुकर लावता ना? शिट्टी दोऱ्यानं बांधून खालचा गॅस चालू ठेवसान का?"

"येडे झाले का जानराव? फुटंल ना कुकर."

"मंग आत काय केलं तुम्ही? तो पाइप म्हंजे गिझरची शिट्टी हाय. तुमच्या पोरानं तिच्यावर टोपण बसवलं. आणि तिच्याखाली सून कोंडली."

सत्यभामाबाईंचा चेहरा उतरला. गुडघ्याला पाणी चोळणारा म्हातारा हळूच भिंतीपासून सरकून उठला. बाबा म्हणाले, "नास्तिकाची जीभ हाय ही, कोणी ऐकू नोका." पण बाबाही खाटेवरून उठून फाटकापाशी जाऊन उभे राहिले होते, हे मी पाहिलं.

"जयमाला, उघड नळ," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मोजणी गेली चुलीत."

नळ फुसकारत सुटला, वाफ आली, मग धार साधी झाली. गोकुळनं कुलूप काढलं. जयमाला घामानं भिजलेली, पदर ओला, डोळे कोरडे. तिला पाणी दिलं. ती प्यायली.

आता माझी चूक. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटरची टाकी कडक तापली तर जवळजवळ अर्धा लिटर पाणी जास्तीचं होतं. पूर्वी ते फुगलेलं पाणी गार पाण्याच्या पाइपातून मागं, गच्चीवरच्या टाकीत जायचं. दिवाळीत बाई म्हणाल्या, स्वयंपाकघरातल्या नळाला गरम पाणी येतं. मी पाणी मागं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवला. मागची वाट बंद. दुसरी वाट, गिझरपासून गच्चीवरच्या टाकीच्याही वर जाणारा हवेचा पाइप, तो मी द्यायला हवा होता. आळस केला. मग पाण्यानं सुरक्षेच्या व्हॉल्व्हमधून वाट काढली, रोज तांब्याभर. दोन महिने या गावात जे भूत रडत होतं, ते मी बसवलेलं होतं. आजही गिझरमधलं आपोआप बंद होणारं बटन वेळेवर पडत होतं म्हणून टाकी टिकली. ते एक बिघडलं असतं, तर काय झालं असतं ते मला बोलवतही नाही.

"मंग बाबा आत जाऊन मंत्र म्हनत तवा गळणं काऊन थांबे?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. प्रश्न रास्त होता.

मी टोपण काढलं, टाकीतलं गरम पाणी सोडून दिलं, गार भरलं, मेन स्विच वर करून गिझर लावला. दहा-बारा मिनिटांत पाइप गळायला लागला. मी आत जायला निघालो, तर जयमाला उठली.

"मी दाखवते."

ती पुन्हा त्याच न्हाणीत गेली. गरम नळ सुताएवढा सोडला. बाहेर थेंब थांबला. नळ बंद केला, थेंब सुरू. पुन्हा सोडला, पुन्हा थांबला. मंत्र नाही, कमंडलू नाही.

"बाबा आतून दार लावत," ती म्हणाली, "मोठ्यानं गात, अन् नळ सोडून ठेवत. मी बाजूच्या खोलीतून मोरीचं पानी ऐकलं होतं."

सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. सात समुद्र, नऊ नद्या कधीच मेहकरच्या रस्त्याला लागल्या होत्या. कमंडलू खाटेखाली राहिला. त्यात आमच्याच नळाचं पाणी होतं.

"तू हे आधी काऊन नाही सांगतलं?" गोकुळनं विचारलं.

जयमालानं त्याच्याकडे नीट बघितलं. "पहिल्याच दिवशी सांगतलं. तुले, आईले, बाबालेबी. तुम्ही म्हनले, हे रेवती बोलून राह्यली."

गोकुळनं हातातलं कुलूप खाली ठेवलं.

बाबांनो, बायांनो, पाणी रडत नाही. ते तापतं, फुगतं आणि वाट शोधतं. तुम्ही तोंड बंद केलं तर ते टाकी फोडतं. घरात काही अजब घडलं तर आधी नळवाल्याला बोलवा, वायरमनला बोलवा, डॉक्टरला बोलवा. आणि सगळ्यांच्या आधी ज्या माणसाला तुम्ही कोंडलंय त्याला विचारा. बहुतेक वेळा त्याला ठाऊक असतं.

त्याच दुपारी मी गच्चीवरच्या टाकीच्या वरपर्यंत हवेचा पाइप चढवला. मजुरी घेतली नाही, घेण्यासारखं तोंडच नव्हतं. सामान आवरत होतो तेव्हा जयमाला माहेरी जायची पिशवी भरून ओसरीवर आली. परत कधी येणार, हे तिला कोणी विचारलं नाही. सत्यभामाबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी अडवलं नाही.

"काका, स्क्रूड्रायव्हर हाय ना तुमच्याजवळ?" तिनं विचारलं.

"हाय की. काऊन?"

तिनं न्हाणीच्या दाराकडे बोट दाखवलं. "मंग जाता जाता थे बाहेरची कडीबी काढून घ्या."