उजव्या हाताची भिंत

पुंजाराम दहा शब्द बोलला, तर छबूबाई त्यातले चार खरे धरायची. त्यामुळे सकाळी तो ओसरीवर येऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्या भाच्याच्या गाड्यानं आसा झटका दिला, हितून उडालो ते थेट तिकडं," तेव्हा ती नुसती हसली. पुंजाराम एवढा लांब जायचा तो फक्त जेवायला बोलावल्यावर.

पण बाकीच्या शिंगणापुरानं त्याचे दहाच्या दहा शब्द खरे धरले. राधाकृष्णाच्या गाड्याला बोट लावायला कोणी तयार होईना.

राधाकृष्ण छबूबाईच्या भावाचा मुलगा. पुण्याला इंजिनियरिंग शिकत होता. त्र्याहत्तरच्या त्या कोरड्या उन्हाळ्यात, गावची निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत असताना, तो ट्रकमधून हे लोखंडी धूड घेऊन आला. खाली चार चाकं, मधे एकीला एक जोडलेल्या ट्रकच्या बॅटऱ्या, भंगारातून आणलेल्या मोटारी, आणि पुढं गुडघ्याएवढ्या उंचीवर मिशांसारखे बाहेर आलेले सायकलीचे स्पोक. बैल नाही, दोरी नाही, हाकणारा नाही.

"मंग रस्ता कोन ठरवतं?" छबूबाईच्या नवऱ्यानं, सहादेवानं विचारलं.

"त्याचा तो, मामा. उजव्या हाताची भिंत सोडायची नाही, एवढंच त्याला शिकवलंय. मिशीला काही लागलं की मागं यायचं, डावीकडं सरकायचं. भिंत संपली की उजवीकडं वळून ती शोधायची. आंधळा माणूस चाचपडत जातो तसं. आमच्या वसतिगृहात या टोकाला सोडला की त्या टोकाला बरोबर निघतो."

"आमचा पुंजाराम बी भिंत धरूनच घरी येतो," सहादेव म्हणाला. "त्याला बी कुनी शिकिवलं न्हाई."

हसण्यात पुंजारामाचाच आवाज मोठा होता.

छबूबाईला घरातून हलायचं नव्हतं. सून विजयमाला कामावर गेली होती आणि दहा महिन्यांची कडू तिच्यावर सोपवली होती. आधीची दोन हाताला लागली नव्हती, म्हणून हिचं नाव कडू. कोणाची नजरच जायला नको. उकाड्यानं पोर किरकिरत होती. कणगीमागं, कणगी आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद बोळात तेवढा गारवा असायचा. तिथं भिंतीला लावून छबूबाईनं गोधडी घातली, कडूला थोपटून निजवलं, आणि एक नजर टाकून येते म्हणून बाहेर पडली. दार लावायचा प्रश्नच नव्हता. या गावात दारं नसतात. चौकट असते, तिच्यातून ऊन आत येतं, माणूस बाहेर जातं. राखण करणारा चौथऱ्यावर उभा आहे, ही इथली समजूत. रात्री कुत्रं शिरू नये म्हणून कोणी फळी टेकवली तर टेकवली. दिवसा तेवढंही नाही.

राधाकृष्ण घड्याळ घेऊन गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला. अलीकडं सहादेवानं, अंगठ्यावर फडकं गुंडाळून, मिशांजवळचा खटका दाबला.

गाडा गुणगुणला आणि निघाला. भिंतीशी इमानदारीनं. पहिल्या घराची भिंत संपली, चौकट आली, आणि गाडा थांबला नाही की अडखळला नाही. उजवीकडं वळला आणि घरात गेला.

गल्ली खदखदून हसली. वसतिगृहात खोल्यांची दारं बंद असतात, हे राधाकृष्णाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आतून बायकांच्या किंकाळ्या आल्या, मग गाडा चारी भिंती फिरून शहाण्या पाहुण्यासारखा बाहेर आला आणि पुढच्या घराकडं वळला. ते पुंजारामाचं.

"या, या!" पुंजारामानं हात जोडले. "च्या घेऊन जावा!"

गाडा आत गेला. काहीतरी कडाकडा वाजलं. बाहेर आला तेव्हा त्याच्यामागून पुंजारामाची बायको परात उंच धरून आली. परात पोळीसारखी चपटी झाली होती.

"जिमिनीवर हुती," ती म्हणाली. "तिच्यावरनं गेला की मुडदा! त्याला दिसलीच न्हाई!"

लोक पोट धरून हसले. छबूबाईही हसली, आणि हसता हसता तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. मिशा गुडघ्याएवढ्या. जमिनीवरचं त्याला कळत नाही. तो भिंतीच्या कडेनं जातो. कडू भिंतीच्या कडेला आहे.

मधे एकच घर होतं.

"आरं, सोडा मला!" ती गर्दीत घुसली. "माझी कडू हाय आत! थांबवा त्याला!"

हशात तिचे शब्द बुडाले. गर्दीला वाटलं, म्हातारीला पुढं उभं राहून बघायचंय. "दमानं, छबूबाई, तुमच्या घरी बी येतोय की!" कोणीतरी तिला कोपरानं मागं सारलं. तिनं त्या कोपराला चावा घेतला. वाट झाली. ती पुढं आली तेव्हा गाड्याची मागची चाकं तिच्याच चौकटीतून आत जात होती.

उन्हातून आत आल्यावर तिला काही दिसेना. नुसती गुणगुण, भिंतीकडून येणारी. उतरंडीपाशी ती गुणगुण जरा थांबली, वळसा घालून पुढं गेली. मग तिला गाड्याची काळी पाठ दिसली. तो कणगीमागच्या बोळात शिरत होता, आणि गोधडी त्याच्या चाकाखाली होती.

गोधडी रिकामी होती.

"कडू!" तिनं गाड्याला मागून धरलं, ओढलं. हातांतून मुंग्या गेल्या, पण तिनं सोडलं नाही. धूड तसूभर मागं आलं नाही. एकीकडं कणगी, एकीकडं भिंत. खटका पुढं मिशांजवळ, आणि वरून तिथवर जायला जागा नाही. बोळाच्या आतल्या टोकाला, जिथून पुढं वाट नव्हती, तिथं कौलाच्या फटीतला कवडसा पडला होता. त्या कवडशात कडू बसली होती. जागी. गुणगुणणारं काहीतरी आपल्याकडं येतंय म्हणून खुश होऊन ती हात पुढं करून रांगायला लागली.

तिवईवर हंडा होता. टँकरच्या रांगेत अख्खी सकाळ उभं राहून मिळालेलं, घराचं आजचं सगळं पाणी.

छबूबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि गाड्याच्या पाठीवर पालथा केला.

निळा भडका उडाला. रबर जळाल्याचा वास आला. गुणगुण थांबली. त्या शांततेत क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, आणि तो क्षण छबूबाईला जन्मभर पुरला. मग कडूनं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं त्या म्हातारीनं कधी ऐकलं नव्हतं.

चौघांनी गाडा ओढून काढला, तेव्हा राधाकृष्ण धावत आला. त्यानं आधी गाड्याकडं पाहिलं, मग कडूकडं. कोणाकडं आधी पाहिलं, ते छबूबाईनं मनात मांडून ठेवलं.

"आत्या," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वसतिगृहात जमिनीवर कोणी निजत नाही गं. मला वाटलं..."

"तुला वाटलं, भिंत कुनाची बी आसली तरी भिंतच. जा, ट्रक बघ जा."

कडूला कडेवर घेऊन ती परसात गेली. फळी उचलून आणली आणि टळटळीत उन्हात चौकटीला टेकवली. सहादेव घाबरून चौथऱ्याच्या दिशेनं बघायला लागला.

"आगं, दिवसा? लोक काय म्हनतील? त्याला काय वाटंल?"

"कुत्र्यासाठी हाय," छबूबाई म्हणाली.

"कुटंय कुत्रं?"

तिनं फळी आणखी घट्ट टेकवली. गल्लीतून पुंजारामाच्या बायकोनं तिच्याकडं एकदा पाहिलं, चपटी परात खाली ठेवली आणि आत जाऊन आपली फळी आणली. मग शेजारच्या घरातून लाकूड घासल्याचा आवाज आला. मग त्याच्या पलीकडच्या.

ऊन उतरेपर्यंत सगळ्या गल्लीत फळ्या टेकवलेल्या होत्या. पुंजाराम ओसरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होता, "औंदा कुत्री लई झालीत."

हे त्याचे चारही शब्द त्या दिवशी सगळ्या गावानं खरे धरले.