आतल्या टायरची येळवस

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. ट्रकच्या मागच्या जोडीतला, आतल्या बाजूचा. आता शेतात लिंबाखाली पडून असतो. पोटात पाणी साठतं, त्यात ढग फिरतात आणि मला पुन्हा सोलापूरचा रस्ता दिसू लागतो.

आमचा ट्रक टोचनचा, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारा. मालक शिवलिंगप्पा. मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन टायर. दसऱ्याचा हार बाहेरच्या टायरला, कौतुकही त्याचंच! मी आपला आत अंधारात. पण ओझं आलं की आम्ही दोघं सारखेच दबायचो. खरं सांगतो, फार सुखाचे दिवस होते ते.

चौऱ्याहत्तर सालची येळवस आली. त्या अमावस्येला सगळं घर शेतात जेवायला जातं. शिवार पाटाच्या पाण्यानं ओलं होतं. जोडटायरांच्या फटीत काळी माती घट्ट बसते आणि गाडी रुतते. म्हणून मालकांनी आदल्या दिवशीच बाहेरचे दोन्ही टायर काढून ट्रकात टाकले. शेतात भज्जी, भाकरी, आंबील! ज्वारीच्या सळसळीत मी छान पेंगत होतो.

दुपारी निरोप आला. शेंगांच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक अक्कलकोट रस्त्यावर चढाखाली अडकला होता. इंजिन बंद, ब्रेकही गेलेला.

"अहो, आदी जोड लावा की," मालकीण रुद्राणीबाई म्हणाल्या. "एका टायरवर एवढं वझं?"

"अमावस्येला पाना हातात धरायचा न्हाय. आमच्या बापानं कदी धरला न्हाय."

घ्या! पाना चालत नाही, ट्रक मात्र चालतो.

मालकांचा धाकटा भाऊ कल्लप्पा बंद ट्रकच्या स्टिअरिंगवर बसला. साखळी ताणली गेली. रुद्राणीबाईंना राहवेना. वेळ आली तर चाकामागं टाकायला हातात धोंडा घेऊन त्या बंद ट्रकच्या बाजूनं चालू लागल्या. अर्ध्या चढावर माझं अंग तापलं. जोडीदाराची फार आठवण आली. मी जिवाच्या आकांतानं तग धरला आणि शेवटी फुटलो.

आमचा ट्रक एका अंगावर बसला. मागचा ट्रक उताराला लागला, आम्हालाही ओढू लागला. कल्लप्पा दार ढकलत होता, दार उघडेना.

"अय्यो! कल्लप्पा!" रुद्राणीबाईंनी धोंडा चाकामागं टाकला. चाक त्यावर चढू लागलं. त्यांनी कडेचा दुसरा धोंडा उचलून टाकला. ट्रक थांबला.

मालकांनी भावाला खिडकीतून ओढून काढलं आणि पोटाशी धरलं. "चुकलं माजं," एवढंच म्हणाले. मग भर अमावस्येला त्यांनी पाना घेतला आणि एकेक टायर जोडीनं बसवला. माझ्या जागी ट्रकातला जादाचा टायर आला.

मित्रांनो, जड ओझं एकट्यावर टाकू नका. आत अंधारात कोण दबतंय, तेही कधी वाकून बघा. माझं काय, माझ्या जागी तासाभरात दुसरा टायर आला. कल्लप्पाच्या जागी कोण आलं असतं?