पोटाची गिटार

दुकानात दोन गिटारी होत्या आणि दोन्ही सरफराजच्या खिशाला झेपणाऱ्या होत्या, हीच मोठी पंचाईत. एकच परवडली असती तर तीच उचलली असती आणि पुढचं रामायण घडलंच नसतं.

दुकान अमरावतीतलं, मालक विपुल. वयानं सरफराजपेक्षा बराच लहान, पण गिऱ्हाइकाला घाई न करणारा. त्यानं दोन्ही गिटारी काउंटरवर शेजारी शेजारी मांडल्या. एक तपकिरी, एक लालभडक. दोघींच्या पोटावर दोन बाजूंना वळणदार फटी.

"सरफराजभाऊ, दिसाले दोनी बहिणी-बहिणी हाय, पण तशा नाई," विपुल म्हणाला. "ही तपकिरी सेमी-हॉलो. दोन बाजू पोकळ, पण मधातून लाकडाचा ठोकळा गेलेला हाय. लाल वाली सारी पोकळ. घरी दोनी गोड वाजते. पण मोठ्या स्पीकरसमोर लाल वाली घुमते, कोकलते. तुमाले कार्यक्रमात वाजवाची हाय ना? मंग तपकिरी न्या."

सरफराजनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मग स्वतःच्या दुकानात आलेल्या प्रत्येक मालाचं तो जे करत आला होता तेच केलं. दोन्ही उचलून पाहिल्या. तपकिरी हाताला जड लागली. लाल मात्र उचलली की नाही तेच कळू नये इतकी हलकी.

आता सरफराजचा धंदा गाद्या-रजयांचा. बाप पिंजारी, आजा पिंजारी. त्या घरात पोरांना बाराखडीच्या आधी एक गोष्ट येते : चांगली रुई हलकी असते. जड लागली की समजायचं, कुणीतरी पाणी मारलंय, नाहीतर सरकी आणि कचरा तसाच ठेवलाय. आयुष्यभर या हातावर भरवसा ठेवून त्यानं धंदा केला आणि हातानं त्याला कधी दगा दिला नाही. पण गिटार म्हणजे रुईचा बोजा नव्हे, हे त्या हाताला कोण सांगणार?

"लाल दे," तो म्हणाला.

"भाऊ, मी सांगून राहिलो ना..."

"अरे, वजन पाय दोघीचं. हलका माल तोच असल माल. हे मले नोको शिकवू तू."

विपुल हसला. गिऱ्हाइकाशी एका हद्दीपर्यंतच वाद घालायचा असतो. त्यानं लाल गिटार खोळीत भरली आणि वर तारांचा एक जोड फुकट दिला. असल माल मिळाल्याच्या आनंदात सरफराज घरी निघाला. माणूस फसतो तेव्हा तो सहसा असाच खुशीत असतो.

हा सगळा खटाटोप देवमन सरांसाठी होता. देवमन सर अकोल्याचे. शाळेत चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. सरफराजचं घर तेव्हा अकोल्यातच होतं. मिसरूड फुटायच्या वयाचा तो, बापाबरोबर गल्लोगल्ली फिरून जुन्या गाद्या पिंजून द्यायचा. एका उन्हाळ्यात सरांच्या अंगणात गादी उसवलेली होती आणि सरफराज धुनकीच्या, म्हणजे पिंजायच्या धनुकलीच्या, तातीवर ठोके देत रुई मोकळी करत होता. तेच ते ठोके देऊन कंटाळला आणि त्यानं त्यातच ताल धरला. सर चहा घेऊन बाहेर आले ते तसेच कप हातात धरून ऐकत उभे राहिले. "तुया हातात ताल हाय लेका," ते म्हणाले. "रविवारी ये." बापाला वाटलं, अजून एका गादीचं काम निघालं.

सरफराज रविवारी गेला तो पुढं कित्येक वर्षं जातच राहिला. सरांनी फी घेतली नाही, हे तर झालंच. पण त्यांनी त्याहून मोठी गोष्ट केली. स्वतःची गिटार त्याच्या हाती दिली. सेमी-हॉलो होती ती, सरांच्या घरात सगळे तिला 'पोटाची गिटार' म्हणत. आवाज गोल, भरदार, जेवून तृप्त झालेल्या माणसासारखा. तिच्यावर सर स्वतः बांधलेला एक तुकडा वाजवत. शाळेतून सायकलनं घरी येताना सुचला म्हणून त्यांनी त्याला रस्त्याचंच नाव दिलं होतं, 'गोरक्षण रोड'. असली जिवापाड जपलेली वस्तू परक्या पोराच्या हाती कोण देतं? सरफराजला हे तेव्हा उमगलं नाही. पुढं अमरावतीत स्वतःचं दुकान झालं, आपल्या शिलाई मशीनला दुसऱ्यानं नुसता हात लावलेला त्याला खपेना, तेव्हा उमगलं.

त्या गिटारीची मान मोडून बरीच वर्षं झाली होती. आणि गेल्या साली सरांनाच लकवा मारला. बोलणं सावरलं, चालणं काठीवर आलं, पण डावा हात गेला तो गेलाच. गिटारवाल्याचा डावा हात गेला म्हणजे सूरच गेले.

त्यांच्या पंचाहत्तरीला सगळ्या विद्यार्थ्यांनी मिळून अकोल्यात कार्यक्रम ठरवला. प्रत्येकानं काहीतरी वाजवायचं. सरफराजनं फोन करून विचारलं, "सर, मी काय वाजवू?" पलीकडून सर म्हणाले, "माया तुकडा वाजव. पण तुया त्या गिटारीवर नोको, तिचा आवाज पातय हाय. पोटाच्या गिटारीवर वाजव. मले एकडाव तो आवाज आयकाचा हाय."

सरांनी जन्मात त्याच्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. सरफराजची जुनी गिटार भरीव लाकडाची, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात चालून जाणारी. तिच्यातून तो आवाज निघणं शक्य नव्हतं. त्याच्या बायकोची, जहाँआराची, भिशी त्याच महिन्यात लागली, फ्रीज घ्यायचा ठरला होता. तिनं पैसे त्याच्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "फ्रीज कोठी पयून चालला? माठातलं पाणी काय गरम लागते तुमाले?" जहाँआरा हिवरखेडची, तिच्या माहेरी घरातही वऱ्हाडीच चाले. नवऱ्याशी लाडात यायचं असो की त्याला झापायचं असो, ती वऱ्हाडीतच.

घरी लाल गिटार खरोखर गोड वाजली. छोट्या स्पीकरवर, हळू आवाजात, सरांच्या गिटारीची आठवण व्हावी इतकी. सरफराज रोज दुकान बंद करून तुकडा घोटायचा आणि जहाँआरा शेजारी बसून एक उशी शिवायची. सरांचा डावा हात खुर्चीवरून खाली लोंबतो असं तिनं ऐकलं होतं, त्या हाताखाली ठेवायला. रुई सरफराजनं स्वतः निवडली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं दुपारीच अकोल्याला पोचले. हॉल रिकामा होता. माईकवाला धर्मेंद्र वायरी जोडत होता. सरफराज स्टेजवर बसला, गिटार जोडली, धर्मेंद्रनं आवाज चढवला आणि सरफराजनं पहिला सूर छेडला.

गिटार कोकलली. सूर थांबायचं नाव घेईना. स्पीकरमधून निघालेला आवाज तिच्या रिकाम्या पोटात शिरायचा, पोट घुमायचं आणि ते घुमणं पुन्हा स्पीकरमधून दुप्पट होऊन बाहेर यायचं. धर्मेंद्रनं कानावर हात ठेवत बटण फिरवलं.

"आवाज कमी ठेवा लागते, भाऊ."

कमी ठेवला. मग गिटार चौथ्या रांगेपर्यंतही पोचेना. सरफराजनं जागा बदलून पाहिली, स्पीकरकडं पाठ करून पाहिली, पण ही लाल बाई ऐकायला तयार नाही. विपुलचा शब्द न् शब्द आता त्याला आठवत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"माया ग्रुपच्या पोराची गिटार देतो ना," धर्मेंद्र म्हणाला. "भरीव हाय, कोकलत नाई."

भली सूचना होती. पण त्या गिटारीचा आवाज तोच, पातळ. सरफराज स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला. ज्या माणसानं आपल्याला स्वतःची गिटार दिली, त्याला आपण एक सूर देऊ शकत नाही. आणि का, तर आपला हात शहाणा म्हणून. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

जहाँआरा पहिल्या रांगेत उशी मांडीवर घेऊन बसली होती. तिला गिटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला पाठ होता. ती वर आली.

"काहून वरडते ते?"

"पोट रिकामं हाय तिचं. घुमते."

"मंग भरा ना काईतरी," जहाँआरा म्हणाली. भुकेल्या लेकराबद्दल बोलावं तितक्या सहज.

सरफराजची नजर तिच्या हातातल्या उशीवर गेली, आणि तिचीही तिथंच गेली. नवी कोरी उशी, सरांसाठी शिवलेली. जहाँआरानं एक उसासा टाकला आणि स्वतःच तिची एक शिवण उसवली.

गादीवाल्याच्या पिशवीत दाभण नाही असं होत नाही. सरफराजनं रुईचे लहान लहान पेळू केले आणि पोटावरच्या फटीतून दाभणाच्या मागच्या टोकानं एकेक आत सारू लागला. आतल्या वायरी जपत, इकडं थोडी, तिकडं थोडी. धर्मेंद्र हसत होता, मग हसायचा थांबला आणि फटीत मोबाइलचा उजेड धरून उभा राहिला. जहाँआरा उरलेली रुई झटकून उशीत सारखी करत होती.

पुन्हा आवाज चढवला. सरफराजनं सूर छेडला. सूर आला, हॉलभर पसरला आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला. किंचित दबला होता, पण त्यामुळं उलट त्याचा गोलवा वाढला होता. धर्मेंद्रनं नुसता अंगठा वर केला. सरफराजनं जहाँआराकडं पाहिलं. शुक्रिया म्हणायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, पण त्यानं म्हटलं. ती म्हणाली, "उशी शिवाले सुई द्या आधी."

संध्याकाळी हॉल भरला. सर पहिल्या रांगेत, डावा हात उशीवर टेकवून. सरफराजची पाळी आली तेव्हा त्यानं कुठलंही भाषण केलं नाही. डोळे मिटून 'गोरक्षण रोड' वाजवला. मधल्या उतारावर सर लय थोडी सोडायचे, तिथं त्यानंही सोडली. वाजवताना त्याला एकच वाटत होतं : या माणसानं त्या दिवशी चहाचा कप तसाच पिऊन टाकला असता आणि आत गेला असता, तर हे काहीच आपल्या वाट्याला आलं नसतं. ना सूर, ना ऑर्केस्ट्रा, ना जगण्यातली ही एक जागा जिथं गाद्यांचा हिशेब चालत नाही. कुणी लावलं होतं त्यांना थांबायला?

टाळ्या संपल्यावर तो खाली उतरला आणि सरांच्या पायाशी वाकला. सरांचे डोळे भरले होते.

"इकडे आण तिले," ते म्हणाले.

त्यानं गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी उजव्या हातानं ती हलकेच हलवून पाहिली, फटीपाशी बोट नेलं आणि भुवया वर केल्या. "हिच्या पोटात काय हाय?"

"रुई, सर. माया हातून चुकीची घेतल्या गेली."

सर तोंडाच्या एका बाजूनं हसले. "रुईवाल्याच्या हाती गिटार देल्ली, मंग दुसरं काय होईन?" मग त्यांचा उजवा हात तारांवरून फिरला. मोकळ्या तारा वाजल्या, नुसत्याच, सुराविना. हॉलमधली कुजबुज थांबली. सरांनी उशीवर पडलेल्या आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं आणि मग सरफराजकडं.

"बस इथी. डावा हात तुया लाव."

सरफराज त्यांच्या डाव्या बाजूला, थोडा मागं, गुडघ्यावर बसला. आपला डावा हात गिटारीच्या मानेखालून नेला आणि बोटं पहिल्या जागेवर ठेवली. सरांनी तार छेडली. सूर लागला. मग दुसरा लागला. छेड सरांची, बोटं त्याची. कुठं सर थबकतील, कुठं घाई करतील, त्याच्या बोटांना आधीच कळत होतं, कारण ती बोटं घडवलीच होती सरांनी. 'गोरक्षण रोड' अडखळत, हळूहळू, पण शेवटपर्यंत पोचला. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं डोळे पुसत होती. जहाँआरा तर उघड रडत होती.

सरांनी हात तारांवरच राहू दिला. चित्र काढून झाल्यावर माणूस पाहतो तसं गिटारीकडं पाहिलं.

"दमलो नाई मी," ते म्हणाले. "पयल्यापासून घे."

सरफराजच्या गुडघ्यात कळ येत होती. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. बोटं उचलली आणि पुन्हा पहिल्या जागेवर ठेवली.