मामीचा वजनकाटा

रत्नमालानं कडी वाजवायला हात उचलला, तेवढ्यात आतून तिचाच आवाज आला.

"उघड वं माय, मामी आली!"

मागोमाग तिचंच हसू. घोगरं, लांबलचक, शेवटी खोकल्यासारखं तुटणारं. रत्नमालाचा हात वरच्या वर राहिला. आपण अजून तोंड उघडलं नाही आणि आपण आत जाऊन पोचलोही, असं तिला क्षणभर वाटलं. 

कुणीतरी घाईघाईनं टीव्ही बंद केला. तिनं कडी वाजवली.

"रुख्माकाकू, मी रत्नमाला. आशा. लेकराचं वजन कराले आली. आज सातवा दिवस हाये."

आत कुजबुज झाली. दार उघडलं नाही, उलट आतून आणखी एक अडसर सरकवल्याचा आवाज आला. मग बाळ रडलं. अठरा वर्षं गावात आशा सेविकेचं काम केलेल्या बाईला रडण्यावरून बरंच कळतं. भुकेलं बाळ घर डोक्यावर घेतं. हे रडणं बारीक होतं आणि मध्येच दमून थांबत होतं. जन्मतः बाळ एकोणीसशे ग्रॅमचं होतं, आधीच हलकं. रत्नमाला खांद्यावरची पिशवी सावरत तशीच ओट्यावर उभी राहिली. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

ही सगळी करणी अनुपची. अनुप म्हणजे रिसोडचा लग्नाची शूटिंग करणारा. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात पिक्चर काढायचं खूळ शिरलं. 'चिंचेवरची मामी' हे नावही त्यानंच ठरवलं. भुताचा पिक्चर, पण हसवणारा. सगळी पात्रं मिळाली, मामी काही मिळेना. हडळ व्हायला कुठलीच बाई तयार होईना. कुणाला नवऱ्याची धास्ती, कुणाला सासूची, कुणाला खुद्द हडळीची. शेवटी तो रत्नमालाकडे आला.

"आमच्या घरी भूत मानतच नाई, मंग मले कायची भीती?" ती म्हणाली होती. सासरे भिवाजी खाटेवर बसून पेपर वाचत होते. बावीस प्रतिज्ञा त्यांच्या डोक्यावरच भिंतीला लावलेल्या होत्या. ते नुसते हसले आणि पान उलटलं.

मेकअप असा काही नव्हताच. अंबाडा सोडायचा, केस तोंडावर घ्यायचे आणि हसायचं. त्या पिक्चरची सीडी रिसोडपासून कामरगावपर्यंत घरोघरी गेली. सीड्या घासून गेल्या, मग लोकांनी मोबाइलमध्ये घेतला. वरातीत डीजेवाले मामीचं हसू वाजवत. पोरं रत्नमालाला पाहून "मामी आली, मामी आली" म्हणत मागे धावत आणि त्याच नादात लसीच्या रांगेत उभी राहत. याच घरातली, नानाजी आणि रुख्मिणीची वैष्णवी तेव्हा पहिलीत होती. शाळेच्या गॅदरिंगला तिनं आईच्या साडीत मामी केली आणि बक्षीस मिळवलं. त्या मामीनं गावाचं कधी काही वाईट केलं नाही.

मागच्या वर्षी अनुप पुन्हा आला. आता त्याचा स्टुडिओ झाला होता, पोट सुटलं होतं.

"ताई, दुसरा भाग काढून राह्यलो. पन मामी नुसतीच हसते न. तिले काईतरी काम पाह्यजे."

"हे घे काम," असं म्हणून रत्नमालानं पिशवीतून बाळाचा वजनकाटा काढला. वर कडी, मध्ये लाल, पिवळा, हिरवा पट्टा असलेली नळी, खाली कापडी झोळी. बाळंतिणीच्या दारात मामी येते, बाळाला झोळीत घालते, काटा बघून नाक मुरडते आणि म्हणते, "एवढंसंच? दोन किलो भरू दे, मंग नेतो." अनुप हसून हसून खाली बसला. संवाद तिचा, काटा तिचा. कुणी शिकवलं नव्हतं.

रिसोडच्या बाजाराच्या मैदानात तंबूत पिक्चर दाखवला. पाचशे माणसं होती. त्या प्रसंगाला अशी हसली, की पुढचा संवाद कुणालाच ऐकू आला नाही. मग अनुपनं 'मामी परत आली, आता तुमच्या घरी' असं छापून पेनड्राइव्ह विकायला काढले. मोबाइलच्या दुकानात, जत्रेत, बसस्टँडवर. लोकांनी ते घरी नेऊन टीव्हीला लावले. तंबूत पाचशे माणसं हसत होती, म्हणून तो प्रसंग विनोदी होता. घरात चार माणसं, शेजारच्या खोलीत बाळंतीण, पडद्यावर काटा तोच, पिशवी तीच, आणि ती बाई उद्या सकाळी खरोखरच दारात येणार. हसायला कुणी सुरुवातच केली नाही.

त्यातच गावातल्या पिंकीचं बाळ गेलं. न्यूमोनिया होता, सरकारी कागदावर तसं लिहिलेलं आहे. पण चार दिवस आधी रत्नमालानं त्याचं वजन केलं होतं आणि ते दोन किलो शंभर भरलं होतं. त्यानंतर तिला कुणी तोंडावर मामी म्हणेना. वैष्णवीसारख्या लहानपणापासून मामी म्हणणाऱ्या पोरीसुद्धा ताई म्हणायला लागल्या, आणि ताई म्हणता म्हणता पदर बाळावर ओढायला लागल्या.

नानाजीच्या घराला मागच्या बाजूला एक खिडकी होती. रत्नमाला वळसा घालून तिथं गेली.

"वैष्णवी, मी आत येत नाई. लेकराले हात लावत नाई. हा काटा घे, तूच वजन कर. मी पाठ करून उभी राह्यतो."

तिनं काटा गजातून आत सरकवला आणि खरोखरच पाठ फिरवली. समोर नानाजीच्या गोठ्याची भिंत होती. मग कडी खुंटीला अडकवल्याची खडखड.

"लालमधी हाये, ताई. सतराशे."

सात दिवसांत दोनशे ग्रॅम कमी. रत्नमालानं भिंतीकडे पाहतच विचारलं, "दिवसातून किती खेप पाजतं?"

आत बाळ झोळीतून काढल्याची खुडबुड झाली.

"वैष्णवी, खरं सांग वं माय."

"दोन खेप." वैष्णवी रडायला लागली. "आई पाजू नाई देत. बाकी टाइमाले साखरेचं पानी देते. म्हणते, दोन किलो भरू नाई द्याचं."

आधी रत्नमालाला ते नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसू फुटलं. ते हसू नव्हतं, धक्का होता, पण गळा तोच आणि हसणंही तेच घोगरं, तुटणारं. आत वैष्णवी किंचाळली. रत्नमाला वळली, तर वैष्णवी बाळाला छातीशी आवळून कोपऱ्यात सरकली होती आणि रुख्मिणी खिडकीशी येऊन उभी होती.

"चालली जाय अठून!" रुख्मिणी ओरडली.

"काकू, तो पिक्चर हाये. पिक्चरमधी म्हटलं मी ते."

"तोंड तुहं, काटा तुहा. आन् पिंकीच्या पोराले काटा लावला थो बी पिक्चरच होता का?"

"त्याले न्यूमोनिया होता, काकू. भूतबीत काई नसते."

"तुमच्यात नसन. आमच्यात असते." रुख्मिणीचा आवाज एकदम खाली आला. तिनं गजातून हात बाहेर काढून जोडले. "पाया पडतो तुह्या. एकच लेक हाये मही, तिचं पह्यलं लेकरू हाये. तू बोलली, तूच बोल वापस घे. सोड त्याले."

ही बाई दुष्ट नव्हती. नातू वाचावा म्हणूनच ती त्याला उपाशी ठेवत होती, आणि तिला पाण्याचा आणि दुधाचा फरक समजावून सांगायला रत्नमालाकडे वेळ नव्हता. सिस्टरला बोलवावं, गाडी बोलवावी, तर दार कोण उघडणार? सरपंच, पोलीस जमेपर्यंत त्या बारीक रडण्याचं काय होईल, ते तिला माहीत होतं. मग तिनं अंबाड्याची पिन काढली.

केस मोकळे झाले, तोंडावर आले. खिडकीतल्या दोघी मागे सरल्या. रत्नमाला मामीच्या आवाजात बोलली, फक्त या वेळी हसली नाही.

"हे लेकरू मी सोडलं. दोन किलो भरो, दहा किलो भरो, मी नेत नाई. पन त्याले दिवसातून आठ खेप मायचं दूध पाह्यजे. साखरेचं पानी देलं तर मी वापस येईन."

"नाई देत, माय, नाई देत," रुख्मिणी म्हणाली आणि तिनं जमिनीला डोकं टेकवलं.

"आन् उद्या सकाळी सिस्टर येईन. तिले दार उघडजा. ती म्हणन तर लेकराले वाशीमच्या दवाखान्यात न्याचं."

रुख्मिणीनं खाली मान घालूनच होकार दिला. बाळ छातीशी लागल्याचा चुटुचुटु आवाज ऐकू आल्यावरच रत्नमाला तिथून हलली.

ती घरी पोचण्याआधी बातमी घरी पोचली होती. भिवाजी खाटेवर बसले होते. पेपर घडी करून बाजूला ठेवलेला होता.

"तू लेकरू सोडलं म्हनते लोकं," ते म्हणाले. "मंग धरलं कवा होतं?"

रत्नमालानं पिशवी खुंटीला अडकवली. "मामाजी, लेकराचं वजन सतराशे होतं."

भिवाजींनी भिंतीवरच्या प्रतिज्ञांकडे पाहिलं. तिला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. उठून त्यांनी तिच्यासाठी माठातून पाणी काढलं.

सकाळी सिस्टर येऊन गेली. बाळ दूध ओढतं आहे, दवाखान्यात न्यायची गरज नाही, पण रोज लक्ष ठेवा, असं तिनं सांगितलं. चौदाव्या दिवशी रत्नमाला पुन्हा गेली, तेव्हा नानाजीचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याबाहेर पत्रावळीवर दहीभात, उकडलेलं अंडं, हळदकुंकू लावलेलं लिंबू ठेवलेलं होतं. अंगणात चार बाया आपापली तान्ही घेऊन बसल्या होत्या. रत्नमालाला पाहून त्या उठून उभ्या राहिल्या. गेल्या चार महिन्यांत यांच्यापैकी एकीनंही तिला दार उघडलं नव्हतं. तिनं पत्रावळ उचलून एका बाजूला ठेवली. उंबऱ्याच्या आत मात्र गेली नाही.

वैष्णवीनं बाळ स्वतः आणून तिच्या हातात दिलं. बाळ तिच्या हातात आल्याबरोबर ठणठणीत रडलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. झोळी खाली गेली, नळीतली खूण पिवळ्यावर आली.

"दोन किलो पन्नास," रत्नमाला म्हणाली. रुख्मिणीनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

"सोडलेलं हाये न?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

मग अंगणातली पहिली बाई पुढे आली. तिनं दुपट्यातलं बाळ दोन्ही हातांनी पुढे केलं आणि डोळे मिटून घेतले.

"आमचंबी सोडून दे वं, मामी."

किती महिन्यांनी कुणी तिला त्या नावानं हाक मारली होती. रत्नमालानं बाळ घेतलं, झोळीत ठेवलं, वजन वहीत लिहिलं, लसीची तारीख सांगितली. ती बाई हलेना. मागच्या तिघीही वाट पाहत होत्या. रत्नमालानं वही पिशवीत ठेवली आणि अंबाड्याच्या पिनेकडे हात नेला.